आधी देणी, मग वाटे : मयताचा हिशेब कुठे अडतो आणि घेणेकऱ्यांना कसं तोंड द्यायचं

मयताच्या कर्जाबद्दल घरोघरी दोन समजुती असतात. माणूस गेला की त्याचं कर्जही गेलं, ही एक. बापाचं कर्ज मुलाने फेडलंच पाहिजे, मग स्वतःचं घर विकावं लागलं तरी चालेल, ही दुसरी. दोन्ही चूक. कर्ज शिल्लक राहतं, पण ते फेडायचं मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून. वडिलांचं ऋण फेडणं हा मुलाचा धर्म, एवढ्याच आधारावर वसुली करायची वाट हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती बंद केली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० म्हणतं की वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेइतकीच. मात्र कलम ५२ लक्षात ठेवा. हाती आलेली मालमत्ता कुठे गेली हे वारसाला कोर्टात दाखवता आलं नाही, तर तेवढ्या रकमेची वसुली त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून होऊ शकते.

त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर मयताचं जे जे आहे ते, उजव्या पानावर तो जे जे देणं लागत होता ते. मृत्यूच्या तारखेपासून आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया तारखेसह, पावतीच्या क्रमांकासह. वैकुंठ स्मशानभूमीतली पावती, हॉस्पिटलचं शेवटचं बिल, शुश्रूषेच्या बाईंचा पगार, सगळं. मोबाईलमधल्या एक्सेलला ना नाही, पण सगळ्या भावंडांनी दर महिन्याला खाली सही केलेली वही उलटतपासणीत जास्त उपयोगी पडते.

(पुढचं विवेचन हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वाटे वेगळे पडतात. घेणेकऱ्यांबद्दलचा भाग बराचसा सारखाच.)

पहिला महिना

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, मयत राहत होता तिथे नव्हे. कोथरूडचे आजोबा चिंचवडच्या हॉस्पिटलात गेले तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, लष्कर भागात गेले तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर ती खबर हॉस्पिटल देतं, घरी झाला तर घरच्यांनी द्यायची. वर्ष उलटलं तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातं आणि तिथेच दोन-चार महिने जातात.

दाखला हाती आला की नाव अक्षर-अक्षर तपासा. निम्म्याहून जास्त विलंबाचं मूळ इथे असतं. पासबुकात ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’. बायकांच्या बाबतीत तर लग्नात नावच बदललेलं असतं: माहेरच्या जमिनीवर ‘कुसुम’, सासरच्या रेशनकार्डावर ‘सुनंदा’. हॉस्पिटलच्या फॉर्मवर घाईत लिहिलेलं नाव दाखल्यात उतरतं आणि मग प्रत्येक बँक, प्रत्येक कार्यालय ‘ही तीच व्यक्ती कशावरून?’ विचारतं. दाखल्यातली चूक लगेच दुरुस्त करून घ्या. जुन्या कागदांतल्या फरकासाठी सगळी नावं एकत्र लिहिलेलं ‘एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करा, त्याला लग्नाचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. मृत्यू दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा.

बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यानंतर मयताचे चेक वटत नाहीत आणि परस्पर कापले जाणारे हप्ते थांबवता येतात. इथे बहुतेक घरांत एक चूक होते: एटीएम कार्ड आणि पिन ठाऊक असतो म्हणून मुलगा पैसे काढतो. अंत्यविधीसाठी किंवा मालमत्ता सांभाळण्यासाठी केलेला खर्च कायदा समजून घेतो. बाकी पैशांना हात लावणारा माणूस भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०३ प्रमाणे ‘स्वतःच्या चुकीने झालेला व्यवस्थापक’ ठरू शकतो आणि जेवढ्याला हात लावला तेवढ्यापुरतं त्याला घेणेकऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. बहीण विचारते ते वेगळंच.

देणी शोधायची कुठे

घरच्यांना कर्जं माहीत नसतात, हे गृहीत धरूनच शोध घ्या. मागच्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याला ठरावीक तारखेला कापली जाणारी रक्कम शोधा. शेवटच्या तीन वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांत व्याजाची वजावट दिसते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटी किंवा पतसंस्थेचा बोजा दिसतो. कपाटात एखाद्या पतसंस्थेचं शेअर सर्टिफिकेट सापडलं तर तो धोक्याचा कंदील समजा, कारण पतसंस्थेत कर्जदारालाच नाही तर जामीनदारालाही सभासद व्हावं लागतं. फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला कर्जाची नोंद आहे का पाहा. दुय्यम निबंधकांकडे त्या मिळकतीचा शोध घ्या. गहाणखत किंवा मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना तिथे नोंदलेली असते.

नजरेतून सुटणारी देणीही असतात: भाडेकरूचं डिपॉझिट (ते मयताचं उत्पन्न नव्हतं, परत द्यायची रक्कम होती), सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, प्राप्तिकर. मयताने कोणाला जामीन राहून सही केली असेल तर तेही देणंच. करार कायद्याप्रमाणे चालू जामीन मृत्यूनंतरच्या नव्या व्यवहारांना लागू राहत नाही, पण आधी उचललेल्या कर्जाची जबाबदारी मालमत्तेवर राहते.

जाहीर नोटीस द्या. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३६० मधली तरतूद मृत्युपत्रातल्या किंवा कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकासाठी आहे: रीतसर नोटीस देऊन, मुदत संपल्यावर त्याने वाटप केलं, तर ज्या दाव्याची त्याला कल्पनाच नव्हती त्याबद्दल तो वैयक्तिक जबाबदार राहत नाही. घेणेकरी मात्र ज्यांना वाटा मिळाला त्यांच्यामागे जाऊ शकतो. साध्या वारसांना हे संरक्षण जसंच्या तसं मिळत नसलं तरी नोटीस त्यांचा प्रामाणिकपणा दाखवते. पुण्यात खपणारं एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक पुरे. नोटिशीत मयताचं पूर्ण नाव (सगळ्या रूपांसह), शेवटचा पत्ता, मृत्यूची तारीख, दावा पाठवायची मुदत आणि वकिलांचा पत्ता हवा. ‘दाव्यासोबत मूळ कराराची प्रत आणि खातेउतारा जोडावा’ हे वाक्य विसरू नका. त्या एका वाक्याने हवेतले दावे गळून पडतात.

सही करण्यापूर्वी

घेणेकऱ्यांशी होणाऱ्या पहिल्या दोन-तीन भेटी किंवा फोन निर्णायक असतात, आणि नेमकी तेव्हाच घरची माणसं खचलेली असतात. वसुलीवाला गोड बोलतो: ‘काका, फक्त एवढं पत्र द्या की कर्ज आहे हे तुम्हाला मान्य आहे.’ असं पत्र देऊ नका.

साध्या कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी लेखी, सही केलेली कबुली दिली की त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. थोडी रक्कम भरली आणि त्याची लेखी नोंद राहिली तरी तेच होतं. मुदत संपून गेलेल्या कर्जाचं लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार ठरतो आणि मग तुम्ही स्वतः बांधले जाता. ‘पाच हजार तरी भरा, माणुसकी म्हणून’ या मागणीचा अर्थ पुष्कळदा हा असतो.

उत्तर लेखीच द्या, आणि ते एवढंच असावं: ‘अमुक तारखेला श्री. अमुक यांचं निधन झालं. आपला दावा मिळाला. तो मान्य किंवा अमान्य न करता आम्ही पुढील कागद मागत आहोत.’ मग मागा: कर्जकराराची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, व्याजदर आणि दंडव्याजाचा तपशील, शेवटच्या भरण्याची तारीख, कर्जासोबत काढलेल्या विम्याची पॉलिसी, आणि कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर त्या हस्तांतराचा कागद. नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा, पोच वहीत चिकटवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शेजारी, नातेवाईक यांना फोन करून बेइज्जती करणं चालत नाही. तक्रार आधी त्या बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

कोणाशी कसं वागायचं

गृहकर्ज. बहुतेक गृहकर्जांसोबत विमा गळ्यात मारलेला असतो आणि वारस नेमका तो विसरतात. कर्ज मंजुरीचं पत्र आणि पहिलं वितरण पाहा. कर्जाच्या रकमेतून विम्याचा हप्ता कापलेला असेल तर आधी तो दावा लावा. तो निकाली निघेपर्यंत हप्ते थकू द्यायचे का? फ्लॅटची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असेल तर मयताच्या पैशातून हप्ते चालू ठेवणं शहाणपणाचं. ९० दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग बँकेची भाषा बदलते. सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार देणाऱ्या) ६० दिवसांची नोटीस आली तर आक्षेप लेखी पाठवा. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. पैसे भरून फ्लॅट सोडवायची संधी लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच. आणि इथे एक गैरसमज फार महागात पडतो. भावाभावांचा वाटणीचा दावा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात चालू आहे, म्हणून बँक थांबेल असं वाटतं. थांबत नाही. बँकेच्या त्या कारवाईत दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, त्यामुळे भांडण चालू ठेवूनही हप्त्यापुरतं एकमत करावंच लागतं.

सहकर्जदार बायको किंवा मुलगा असेल तर ‘मालमत्तेइतकी जबाबदारी’ हा नियम त्यांना लागू नाही. त्यांनी स्वतः सही केलेली आहे, पूर्ण रक्कम त्यांच्यावर.

पतसंस्था आणि सहकारी बँका. यांचं हत्यार म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. दिवाणी दावा न चालवता निबंधक कार्यालयातून तो मिळतो आणि त्यावर जप्ती होते. नोटीस मयताच्या नावाने येते म्हणून घरचे ती बाजूला ठेवतात. ही चूक करू नका. सुनावणीच्या पहिल्याच तारखेला मृत्यू दाखला, खातेउताऱ्यावरचे आक्षेप आणि ‘वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती’ हे लेखी म्हणणं दाखल करा. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. जे आक्षेप पहिल्या तारखेला फुकट मांडता आले असते त्यांची ही किंमत.

हातउसने. पेठेतला मित्र, नात्यातले काका, दुकानाचा पुरवठादार. यांच्यातले काही खरे असतात आणि काही तेराव्यानंतर जन्माला येतात. बँकेतून आलेली रक्कम, सही केलेली पावती, मेसेज, जे असेल ते मागा. नेमाने व्याजाने पैसे देणारा असेल तर परवाना विचारा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. मयताने सही करून दिलेला कोरा चेक भरून ‘तुमच्यावर चेक बाऊन्सची केस करतो’ असं धमकावणारेही भेटतात. ती फौजदारी जबाबदारी चेकवर सही करणाऱ्याची. वारसांवर येत नाही. मागचं कर्ज खरं असेल तर त्याचा दिवाणी दावा मात्र होऊ शकतो.

क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज. तारण नाही, त्यामुळे तडजोडीला सर्वात जास्त वाव इथे. मालमत्तेची यादी आणि देण्यांची यादी समोर ठेवून एकरकमी परतफेडीचा आकडा मागा. लेटरहेडवर रक्कम, शेवटची तारीख आणि ‘यानंतर काही येणं नाही’ हे शब्द आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

मयताविरुद्ध आधीच दावा चालू असेल तर वकिलांमार्फत कोर्टाला मृत्यू कळवा. फिर्यादीने ९० दिवसांत वारसांना प्रतिवादी म्हणून आणायचं असतं, नाहीतर त्या प्रतिवादीपुरता दावा संपुष्टात येतो. ते रद्द करून घ्यायला त्याला आणखी ६० दिवस मिळतात, आणि त्यानंतरही सबळ कारण दाखवून विलंब माफ होऊ शकतो. म्हणून ‘मुदत गेली, सुटलो’ असं धरून चालू नका.

घेणेकऱ्यांचा हात न पोचणारे पैसे

सगळंच यादीत धरायचं नसतं. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि ग्रॅच्युइटीला जप्तीपासून संरक्षण आहे. आयुर्विम्याच्या रकमेलाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली संरक्षण आहे, आणि १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांसाठी काढलेली पॉलिसी मयताच्या मालमत्तेत धरतच नाहीत. वसुलीवाल्यांच्या दबावाखाली विधवा नेमकी हीच रक्कम काढून कार्डाचं बिल भरते. त्याआधी कोणीतरी तिला थांबवायला हवं.

देणी जास्त, मालमत्ता कमी

इथे ‘जो आधी आला, त्याला आधी दिलं’ हे सर्वात घातक. उत्तराधिकार कायद्याची कलमं ३२० ते ३२३ व्यवस्थापकासाठी क्रम ठरवून देतात आणि वारसांनीही तोच पाळावा: प्रथम ऐपतीप्रमाणे वाजवी अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजाराचा खर्च, मग कोर्टाच्या कामाचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांची नोकर-मजुरांची मजुरी, मग बाकी देणी आपापल्या अग्रक्रमाने, आणि एका पातळीवरच्यांना सारख्या प्रमाणात. तारण असलेला आपल्या तारणातून वसूल करतो.

आकडे घालून पाहू. फ्लॅट ६२ लाखांना विकला, गृहकर्जाचे ४१ लाख गेले, उरले २१ लाख. बचत आणि ठेवी ६ लाख ५० हजार. एकूण २७ लाख ५० हजार. हॉस्पिटल आणि अंत्यविधी ४ लाख, कोर्टखर्च १ लाख १० हजार, शुश्रूषेच्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार ४० हजार. हे ५ लाख ५० हजार वजा जाता हाती २२ लाख. बिनतारणी देणी अशी: कार्ड ३ लाख, पतसंस्था ९ लाख, वैयक्तिक कर्ज १२ लाख, मित्राचे हातउसने १६ लाख; मिळून ४० लाख. म्हणजे रुपयाला ५५ पैसे. कार्डाला १ लाख ६५ हजार, पतसंस्थेला ४ लाख ९५ हजार, वैयक्तिक कर्जाला ६ लाख ६० हजार, मित्राला ८ लाख ८० हजार. वारसांना शून्य, पण खिशातूनही शून्य.

या उदाहरणात कराची थकबाकी धरलेली नाही. ती असेल तर बिनतारणी कर्जांच्या आधी बाजूला काढा. मित्र जवळचा म्हणून त्याला १६ लाख पूर्ण दिले असते, तर उरलेल्या तिघांनी कोर्टात पहिला प्रश्न तोच विचारला असता. हे कोष्टक सगळ्या घेणेकऱ्यांना एकाच दिवशी पाठवा. दुसऱ्याला किती मिळतंय हे दिसलं की बहुतेक जण मान्य करतात. मान्य झालं नाही तर मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा दावा लावून कोर्टाच्या देखरेखीखाली वाटप करून घेता येतं. वेळखाऊ आहे, पण पन्नास लाखांची देणी आणि सात घेणेकरी असताना तोच सुरक्षित मार्ग.

घरातल्या घरात अडतं ते

घेणेकऱ्यांपेक्षा वारसच जास्त अडवतात, आणि पुष्कळदा नकळत.

मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते, सून आणि नातवंडांइतकाच तिचा वाटा. हे विसरून सून-नातवंडांच्या नावे नोंद होते. पुढे आई जाते, आणि तिच्या वाट्यावर मयताचे भाऊ-बहिणी हक्काने उभे राहतात. आई हयात असतानाच तिचा वाटा नोंदवा किंवा तिचं हक्कसोडपत्र नोंदणी करून घ्या. लग्न झालेल्या बहिणीचं नाव ‘तिला काही नकोय’ म्हणून गाळणं हाही तसाच प्रकार. तिला नको असेल तर तिने दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोड करावं. तोंडी ‘नको’ सातबाऱ्यावर चालत नाही.

मुलगा न्यू जर्सीला असेल तर मुखत्यारपत्र लागतं. तिथे केलेलं मुखत्यारपत्र वकिलातीतून किंवा अपोस्टिलने (कागद खरा असल्याच्या तिथल्या सरकारी शिक्क्याने) प्रमाणित हवं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. ही मुदत चुकली की दंड आणि नवी धावपळ. मसुदा इथल्या वकिलांकडून करून पाठवा. तिथल्या साच्यात ‘हक्कसोड’ हा शब्दच नसतो आणि मग इथे तो कागद परत येतो.

वारसांत अल्पवयीन मूल असेल तर आईलाही त्याचा स्थावराचा वाटा कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. खरेदीदाराची बँक हे हमखास पकडते, म्हणून ग्राहक शोधण्याआधीच अर्ज करा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, यावरून तर अर्धी भांडणं. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. सोसायटीत नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. ते पैसे नॉमिनी वारसांसाठी सांभाळतो, आणि घेणेकऱ्यांचा दावाही त्यांच्यापर्यंत पोचू शकतो.

कागद कोणता, कुठून

बँकेत नॉमिनी असेल तर वारसा प्रमाणपत्र मागायचा बँकेला अधिकार नाही. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) साधी पद्धत: दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची ना हरकत. या मर्यादेत त्रयस्थ जामीनदार मागता येत नाही. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल हवा. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेचा ‘बँक दर’ अधिक ४ टक्के इतकं व्याज, लॉकरसाठी दिवसाला ५,००० रुपये. ‘कागद अपुरे’ हे बँकेचं आवडतं उत्तर असतं, म्हणून काय अपुरं आहे ते पहिल्याच दिवशी लेखी मागा.

त्याहून मोठ्या रकमेला आणि वादाच्या ठिकाणी शिवाजीनगर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र, ज्याला सगळे सक्सेशनच म्हणतात. ते फक्त येणी आणि रोख्यांपुरतं असतं. फ्लॅट-जमिनीसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला वेगळा. चुकीचा अर्ज लावून वर्ष घालवलेली कुटुंबं कमी नाहीत. अर्जात एखादं खातं राहिलं तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा जाहिरात, म्हणून यादी पूर्ण झाल्याशिवाय अर्ज लावू नका. मृत्युपत्र असेल तर पुण्यातल्या मिळकतीला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही, पण भाऊ विरोधात असेल तर साक्षीदार हयात आणि शुद्धीत असतानाच सिद्ध करून घेतलेलं बरं.

मुळशी, हवेली, दौंडकडे शेत असेल तर वारस नोंदीचा अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करा. पूर्वीच्या तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मंडळ अधिकारी नोंद मंजूर करण्याआधी हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं. आजोबांचंच नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर आधी आजोबांचे वारस, मग वडिलांचे. मधली पायरी वगळता येत नाही. शहरातल्या वाड्याला हेच काम सिटी सर्व्हे कार्यालयात, मिळकत पत्रिकेवर. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर नाव चढलं म्हणजे मालकी मिळाली, असा समज करून घेऊ नका.

वाटपाच्या दिवशी

देणी फिटल्याचे दाखले हाती आल्यावरच वाटे करा. कर्ज पूर्ण फेडल्यावर बँकेने मिळकतीचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे आणि तो वारसांनाही लागू आहे. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी ना-देय दाखल्यासह वेगळा अर्ज लागतो. मयताचं मृत्यूच्या तारखेपर्यंतचं प्राप्तिकर विवरणपत्र पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून भरा. परतावा निघत असेल तर तोही वहीच्या डाव्या पानावर.

वाटणीपत्रात एक कलम घाला: पुढे एखादा खरा घेणेकरी आला तर प्रत्येक वारस आपल्या वाट्याच्या प्रमाणात रक्कम परत देईल. थोडी रक्कम, समजा एकूण मालमत्तेच्या पाच टक्के, संयुक्त खात्यात तीन वर्षं ठेवली तर या कलमाची वेळ सहसा येत नाही. वही आणि पावत्या मात्र त्याहून जास्त काळ जपाव्या लागतात, कारण गहाणाच्या वसुलीच्या दाव्याची मुदत बारा वर्षांची असते.